भयगंडावरील मानसोपचारात ताण-संप्रेरकाचे स्थान : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही मराठीतील म्हण भीतीविषयी एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवते. जो भितो त्याच्याच पाठीशी ब्रह्मराक्षस लागतो. म्हणजे भीतीचे बळ बाहेरच्या वस्तूत कमी आणि पळणाऱ्याच्या पळण्यात अधिक असते. भयगंडाविषयी आधुनिक मानसशास्त्राने जे विवेचन केले, त्याचा गाभा याहून फारसा निराळा नाही. उंची, कोळी, कुत्रा, विमानप्रवास, चारचौघांत बोलणे अशा एखाद्या गोष्टीची प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी, दीर्घकाळ टिकणारी आणि दैनंदिन जीवनात अडथळा आणणारी भीती म्हणजे भयगंड होय. व्यक्ती ती गोष्ट टाळते. टाळल्यामुळे तात्पुरती सुटका होते. त्या सुटकेच्या समाधानातून टाळण्याची सवय अधिकच दृढ होते आणि भीती कधी पडताळून पाहिलीच जात नाही.

यावरचा सर्वमान्य उपचार म्हणजे भीतीच्या गोष्टीला, तज्ज्ञाच्या सोबतीने, टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे. या 'सामोरे जाण्याच्या' उपचाराला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वित्झर्लंडमधील काही संशोधकांनी एक अनपेक्षित जोड दिली. सत्रापूर्वी एक तास रुग्णाला कॉर्टिसॉल या संप्रेरकाची गोळी द्यावी, म्हणजे सत्राचा परिणाम अधिक टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कॉर्टिसॉल हे 'ताणाचे संप्रेरक' म्हणून ओळखले जाते. भीतीने ग्रासलेल्या माणसाला ताणाचेच संप्रेरक देणे हे वरकरणी आगीत तेल ओतण्यासारखे वाटते. म्हणूनच हा विषय कुतूहलाचा ठरला आणि त्याविषयी गैरसमजही निर्माण झाले.

प्रस्तुत लेखात या संशोधनाची पूर्वपीठिका, त्यातील प्रमुख प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. कॉर्टिसॉल नेमके कशावर काम करते, उपलब्ध पुराव्याचे वजन किती, आणि आपल्याकडील परिस्थितीत त्याचा अर्थ काय, हे तीन प्रश्न येथे केंद्रस्थानी आहेत.

पूर्वपीठिका : विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे

भीती शिकली जाते, हे १९२० मध्ये जॉन वॉटसन व रोझॅली रेनर यांनी एका बालकावरील प्रयोगातून दाखवले. पांढरा उंदीर दिसताच मोठा आवाज केला गेला आणि मूल उंदरालाच घाबरू लागले. आजच्या नीतिनियमांत न बसणारा हा प्रयोग पदवीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. त्या मानाने १९२४ मधील मेरी कव्हर जोन्स यांचे कार्य दुर्लक्षित राहिले. सशाला भिणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाला आवडता खाऊ देत देत त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला आणि भीती निवळत नेली. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात क्रमबद्ध असंवेदनीकरणाची पद्धत मांडली, तर स्वीडनच्या लार्स-यॉरन ऑस्ट यांनी १९८९ मध्ये विशिष्ट भयगंडासाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सत्राचा उपचार विकसित केला.

मराठी वाचकाला ही कल्पना अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारामुळे परिचित आहे. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीने एलिस यांचे जीवन मराठीत आणले. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी वयाच्या १९ व्या वर्षी आपण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन सुमारे १०० अनोळखी स्त्रियांशी बोललो, असे एलिस सांगत असत. जे टाळतो तेच जाणीवपूर्वक करणे, हे या उपचाराचे सूत्र होय.

सामोरे गेल्यावर मनात नेमके काय घडते? इव्हान पाव्हलॉव्ह यांनी ज्याला विलोपन म्हटले, त्याचा अर्थ अनेकदा 'जुने शिक्षण पुसले जाणे' असा लावला जातो. तो अपुरा आहे. विलोपनानंतर काही काळ गेला की लोपलेली प्रतिक्रिया आपोआप परतते, हे खुद्द पाव्हलॉव्ह यांनीच नोंदवले होते. मार्क बाउटन यांच्या संशोधनाने हे अधिक स्पष्ट केले की, विलोपनात जुनी भीतीची स्मृती नष्ट होत नाही. तिच्या शेजारी 'येथे धोका नाही' अशी नवी स्मृती तयार होते आणि दोहोंत स्पर्धा सुरू राहते. परिसर बदलला किंवा काळ लोटला, की जुनी स्मृती पुन्हा वरचढ ठरू शकते. उपचारकक्षात कोळ्याजवळ निर्भयपणे बसलेला रुग्ण घरी माळ्यावर कोळी दिसताच पुन्हा का दचकतो, याचे उत्तर येथे सापडते. तेव्हा उपचाराचे यश नव्या स्मृतीला बळ कसे मिळेल, यावर अवलंबून असते. ताण-संप्रेरकाचा प्रवेश नेमका या ठिकाणी होतो.

कॉर्टिसॉल : दुहेरी भूमिका

हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून ताणाविषयी जे सिद्धान्त मांडले, त्यांतून ताण हा शब्द सर्वतोमुखी झाला आणि कॉर्टिसॉलच्या वाट्याला खलनायकाची भूमिका आली. वास्तविक हे संप्रेरक जीवनावश्यक आहे. हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून ते स्रवते. पहाटेपासून त्याचे प्रमाण वाढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उच्चांक गाठते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कार्यासाठी १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडवर्ड केंडाल, फिलिप हेंच आणि टाडेउश राइखस्टाइन यांना मिळाले. त्यांपैकी राइखस्टाइन हे बासेल विद्यापीठात प्राध्यापक होते. पुढे त्याच विद्यापीठातून भयगंडावरील या उपचाराचे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले.

स्मृतीच्या संदर्भात कॉर्टिसॉल दोन परस्परविरुद्ध वाटणारी कामे करते. नुकताच घेतलेला, भावनेने भारलेला अनुभव स्मृतीत दृढ होण्यास ते मदत करते. जेम्स मॅगॉ, बेन्नो रूझेंडाल आदींच्या प्राणी-प्रयोगांतून त्यात अमिग्डालाचा वाटा स्पष्ट झाला आहे. याउलट, आधी साठवलेल्या स्मृतीचे पुनःस्मरण ते अवघड करते. डॉमिनिक द क्वेर्वेन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांमध्ये आणि २००० मध्ये निरोगी माणसांमध्ये हे दाखवले. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कॉर्टिसोनची गोळी घेतल्यावर आठवणे कठीण जाते, असा तो निष्कर्ष होता. परीक्षेच्या दालनात पाठ असलेले उत्तर ऐनवेळी न आठवणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था शिक्षकांना ठाऊकच असते.

या दोन परिणामांतून उपचाराची कल्पना निघाली. भयगंडाचा रुग्ण कोळी पाहतो तेव्हा भीतीची जुनी स्मृती जागी होते आणि प्रत्येक वेळी ती स्वतःला नव्याने बळकट करते. सत्रापूर्वी कॉर्टिसॉल दिल्यास एकीकडे जुन्या स्मृतीचे पुनःस्मरण मंदावेल आणि दुसरीकडे सत्रातील सुरक्षिततेचा नवा अनुभव दृढ होईल, असा हा तर्क आहे.

प्रमुख प्रयोग

या तर्काची पहिली ठळक चाचणी २००६ मध्ये लैला सोराविया, द क्वेर्वेन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. सामाजिक भयगंड असलेल्या ४० व्यक्तींना परीक्षकांसमोर बोलण्याच्या प्रसंगाआधी एक तास कॉर्टिसोन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. कॉर्टिसोन घेतलेल्यांनी प्रसंगापूर्वी, प्रसंगात व नंतरही कमी भीती नोंदवली. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांमध्येही ज्यांच्या शरीरात त्या प्रसंगी अधिक कॉर्टिसॉल स्रवले, त्यांची भीती तुलनेने कमी होती, ही या अभ्यासातील लक्षणीय नोंद होय. दुसऱ्या भागात कोळ्यांना भिणाऱ्या २० व्यक्तींना कोळ्याचे छायाचित्र वारंवार दाखवण्यात आले. कॉर्टिसॉल गटाची भीती क्रमाक्रमाने उतरत गेली आणि शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनीही ती उतरलेलीच राहिली.

प्रत्यक्ष मानसोपचाराशी जोड २०११ मध्ये झाली. द क्वेर्वेन व सहकाऱ्यांनी उंचीचा भयगंड असलेल्या ४० रुग्णांना आभासी वास्तवाच्या साहाय्याने तीन सत्रांत उंचीला सामोरे नेले. प्रत्येक सत्रापूर्वी एक तास २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. प्रयोग दुहेरी अंध पद्धतीचा होता. म्हणजे कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला वा संशोधकाला ठाऊक नव्हते. उपचारानंतर आणि महिन्याभरानंतरही कॉर्टिसॉल गटाची उंचीची भीती प्रश्नावलीनुसार अधिक कमी झालेली दिसली. महिन्यानंतरच्या चाचणीत त्वचेच्या विद्युतवाहकतेतील वाढही त्यांच्यात कमी होती. २०१४ मध्ये सोराविया व सहकाऱ्यांनी २२ रुग्णांना प्रत्यक्ष कोळ्यांना सामोरे नेले. तेथे दोन गटांतील फरक उपचारानंतर लगेच दिसला नाही; महिन्याभराने दिसला. नवी स्मृती दृढ होण्यास वेळ लागतो, या कल्पनेशी हे सुसंगत आहे.

चिकित्सा

(१) 'भीतीवरची गोळी' ही गफलत : या प्रयोगांचा सारांश 'ताणाच्या संप्रेरकाने भयगंड बरा होतो' असा सांगितला, तर तो चुकीचा ठरेल. २०११ व २०१४ च्या दोन्ही उपचार-प्रयोगांत निष्क्रिय गोळी घेतलेल्या गटालाही सामोरे जाण्याचा पूर्ण उपचार मिळाला होता. कॉर्टिसॉलचा प्रश्न त्यावर पडणाऱ्या भरीचा होता. भीती तात्पुरती दाबणारे औषध आणि शिकण्याला साथ देणारे औषध यांतील भेद १९९७ मध्ये फ्रँक विल्हेल्म व वॉल्टन रॉथ यांच्या प्रयोगात उघड झाला होता. विमानप्रवासाला भिणाऱ्या २८ स्त्रियांपैकी काहींना पहिल्या उड्डाणापूर्वी अल्प्राझोलाम दिले. त्यांची चिंता त्या वेळी कमी झाली. मात्र आठवड्यानंतर औषधाविना केलेल्या दुसऱ्या उड्डाणात त्यांनाच अधिक त्रास झाला. गोळीने भीती झाकली गेली, शिकणे झालेच नाही. कॉर्टिसॉलचा दावा याच्या नेमका उलट आहे. ते शरीरातून निघून गेल्यावरही परिणाम उरतो, कारण जे उरते ते औषध नसून रुग्णाने स्वतः घेतलेला अनुभव असतो. हा भेद विसरला गेला, तर या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्टच हरवते.

(२) कार्यकारणाचा प्रश्न अनिर्णित : परिणाम पुनःस्मरण मंदावल्यामुळे होतो की नवी स्मृती दृढ झाल्यामुळे? केवळ दृढीकरणच कारण असते, तर सत्र संपल्यावर दिलेल्या कॉर्टिसॉलनेही लाभ व्हायला हवा होता. जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी कोळ्यांच्या भयगंडावर असा प्रयोग करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सत्रानंतर दिलेल्या कॉर्टिसॉलने उपचाराचे यश वाढले नाही. यावरून गोळीची वेळ निर्णायक आहे, आणि मूळ सिद्धान्ताची मांडणी पुरेशी नेमकी नाही, असे दोन्ही अनुमान निघतात. 'संप्रेरकाने स्मृती सुधारते' हे ढोबळ विधान म्हणूनच टिकत नाही.

(३) पुराव्याचे वजन : ४०, २० आणि २२ हे या क्षेत्रातील आधारभूत आकडे आहेत. दोन गटांत विभागल्यावर प्रत्येक गटात १० ते २० व्यक्ती उरतात. मूळ प्रयोगांतील संशोधक बव्हंशी एकाच वर्तुळातील आहेत आणि उपचार-प्रयोगांतील पाठपुरावा महिन्याभराचा आहे. भयगंड मात्र वर्षानुवर्षे टिकतो. येथे डी-सायक्लोसेरीनचा इतिहास बोधप्रद ठरतो. क्षयावरील या जुन्या औषधाने उंचीच्या भयगंडावरील उपचाराचा परिणाम वाढतो, असे केरी रेसलर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २८ रुग्णांच्या प्रयोगातून दाखवले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. पुढे प्रयोग वाढत गेले. २०१७ मध्ये एक हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा लाभ आहे, पण अल्प आहे, असे निष्पन्न झाले. छोट्या प्रयोगातील मोठा परिणाम मोठ्या प्रयोगांत आक्रसतो, हा अनुभव कॉर्टिसॉलच्या बाबतीतही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

(४) फसलेल्या सत्राचा प्रश्न : शिकण्याला बळ देणारे द्रव्य काय शिकले गेले याचा विवेक करत नाही. सत्र यशस्वी झाले तर सुरक्षिततेची स्मृती दृढ होईल. पण रुग्ण अर्ध्यातून भेदरून उठला तर? डी-सायक्लोसेरीनच्या काही अभ्यासांत नेमके असे आढळले, की सत्राअखेर भीती उतरली असेल तरच औषधाचा लाभ होतो. ती चढलेलीच राहिली तर औषध हानिकारकही ठरू शकते. कॉर्टिसॉल हे द्रव्य वेगळे असले, तरी तर्क तोच लागू पडतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : गोळी आल्याने कुशल उपचारकाची गरज घटत नाही, उलट वाढते.

(५) तुलना कशाशी? निष्क्रिय गोळीशी तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. तथापि रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. गोळीसह तीन सत्रे आणि गोळीविना चार सत्रे यांत श्रेष्ठ काय? ऑस्ट यांच्या पद्धतीने एका दीर्घ सत्रातच बहुसंख्य रुग्णांत लक्षणीय सुधारणा होत असेल, तर औषधाला वाव किती उरतो? या प्रश्नांना सामोरे जाणारे प्रयोगच या पद्धतीचे व्यावहारिक मूल्य ठरवू शकतील.

याच अनुषंगाने शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसॉलचा विचार उद्बोधक आहे. २०१४ मध्ये योहाना लास-हेन्नेमान व तान्या मिखाएल यांनी कोळ्यांना भिणाऱ्या ६० रुग्णांपैकी काहींचे सत्र सकाळी आठला आणि काहींचे सायंकाळी सहाला घेतले. सकाळच्या गटात परिणाम अधिक चांगला आढळला. २०१६ मध्ये अमेरिकेतील अलिसिया म्यूरेट व सहकाऱ्यांनी पॅनिक विकाराच्या २४ रुग्णांबाबत याच दिशेचे निष्कर्ष मांडले. हे अभ्यासही लहानच आहेत आणि सकाळच्या ताजेपणासारखे अन्य घटक त्यांत मिसळलेले असू शकतात. परंतु येथे औषधाचा धोका नाही आणि खर्चही नाही.

भारतीय संदर्भ

हा विषय स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेतला असला, तरी आपल्याकडे त्याला एक वेगळे परिमाण प्राप्त होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यातून समोर आले. म्हणजे आपली अडचण उपचार कमी प्रभावी आहे ही नसून उपचार देणारा प्रशिक्षित माणूस उपलब्ध नाही, ही आहे. कॉर्टिसॉल, म्हणजेच औषधाच्या दुकानातील हायड्रोकॉर्टिसोन, मात्र सहज मिळणारे जुने औषध आहे. जेथे उपचारक दुर्मीळ आणि गोळी सुलभ, तेथे उपचाराचा अवघड भाग गळून गोळीच तेवढी उरण्याचा धोका संभवतो.

हा धोका काल्पनिक म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा अतिरेकी वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस फोफावला, तेव्हा महाराष्ट्राने त्याची मोठी किंमत मोजली. सत्रापूर्वी एकदा घेतलेले २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि कोविडमधील प्रबळ स्टेरॉइड यांची बरोबरी करणे अर्थातच अयोग्य ठरेल. ही मात्रा अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाला रोज पूरक म्हणून लागते, साधारण तितकीच आहे. परंतु वैद्यकीय देखरेखीविना दीर्घकाळ घेतल्यास रक्तशर्करा, हाडे, प्रतिकारशक्ती आणि स्वतःच्या ग्रंथीचे कार्य या सर्वांवर अनिष्ट परिणाम होतात. भाषणापूर्वी, मुलाखतीपूर्वी 'एक गोळी' घेण्याची सवय लागली, तर ते टाळण्याचेच नवे रूप ठरेल. भयगंडाचे मूळ टाळण्यात असल्याने हा उपचार नसून आजाराचाच विस्तार होईल.

महाविद्यालयीन पातळीवर या संशोधनाचे दोन उपयोग संभवतात. पहिला अध्यापनाचा. विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे, ही गोष्ट पदवीच्या वर्गात ठसवण्यासाठी याहून समर्पक उदाहरण क्वचितच मिळेल. दुसरा समुपदेशन केंद्रांचा. व्यासपीठावर बोलण्यास भिणाऱ्या विद्यार्थ्याला गोळी देण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. मात्र त्याला प्रथम दोघांसमोर, मग दहा जणांसमोर, मग वर्गासमोर उभे करणे, हे सराव सकाळच्या वेळी ठेवणे, आणि भीती उतरण्यापूर्वी सराव न थांबवणे, एवढे निश्चितच साध्य आहे.

निष्कर्ष

ताण-संप्रेरकाच्या साहाय्याने भयगंडावर उपचार करण्याची कल्पना तर्कदृष्ट्या आकर्षक आणि प्रयोगांनी अंशतः समर्थित आहे. ताण हा केवळ शत्रू आहे, या रूढ समजुतीला तिने छेद दिला, हे तिचे मोठे योगदान मानावे लागेल. धोक्याच्या प्रसंगी शरीर जे स्रवते, तेच त्या प्रसंगातून शिकण्याचे साधनही असते. तथापि लहान नमुने, अल्पकालीन पाठपुरावा, अनिर्णित कार्यकारणभाव आणि अपुरी तुलना यांमुळे तिला आज नित्याच्या उपचाराचे स्थान देता येत नाही. डी-सायक्लोसेरीनचा अनुभव पाहता संयम राखणेच इष्ट ठरते.

या संशोधनातून एक गोष्ट मात्र निर्विवादपणे पुढे येते. कॉर्टिसॉल रुग्णाच्या वतीने उंच कठड्याशी जाऊन उभे राहत नाही. तेथे रुग्णालाच उभे राहावे लागते, आणि त्याच्या शेजारी कुणी जाणकार असावे लागते. संप्रेरक फार तर त्या उभे राहण्याची आठवण पक्की करील. ब्रह्मराक्षसाकडे वळून पाहण्याचे काम अखेर ज्याचे त्यालाच करावे लागते; त्या वेळी सोबत उभी राहणारी प्रशिक्षित माणसे घडवणे, हीच आपल्या मानसशास्त्र विभागांपुढील खरी जबाबदारी होय.